पाठीचं माप

माझ्याकडे मापाच्या अकरा वह्या आहेत. पहिली १९९३ सालची. सांगलीच्या गावभागात तळमजल्याच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं आणि गिऱ्हाइकं बहुतेक तीच आहेत, लग्नाचा ब्लाउज शिवून नेला तेव्हापासूनची. एकाच बाईची तीस वर्षांची मापं एकाखाली एक वाचली की छाती आणि कंबर वाढत गेलेली कुणालाही दिसेल. मला आणखी एक दिसतं. खांद्यापासून खाली पाठीची उंची हळूहळू वाढत जाते आणि पुढची कमी होत जाते. आज पाव इंच, पाच वर्षांनी अर्धा. बाई म्हणते, "वहिनी, या खेपेला मागून आखूड केलात हो." आखूड केलेलं नसतं. पाठ गोल झालेली असते. त्यामुळे कापड मागून वर चढतं आणि पुढे गळ्याखाली झोल पडतो.

दुसऱ्याची पाठ अशी बोटांनी वाचणाऱ्या मला स्वतःची वाचता आली नाही. दिवसाला आठ-नऊ तास मशीनवर, मान सुईवर, पोटाची घडी. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा आधी वह्या वर नेल्या, मग कापडं, मग दोन्ही मशिनी आणि शेवटी पिको-फॉलचं मशीन स्टँडसकट. जिन्याच्या सातव्या पायरीवर कमरेत काहीतरी सटकलं. पाणी उतरलं, चिखल निघाला, कंबर मात्र तिथेच राहिली. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, फिजिओथेरपी झाली आणि शेवटी मी देवळाच्या सभामंडपातल्या योगवर्गात जाऊन पालथी पडले. तिथून भुजंगासनाची नि माझी ओळख. पाच वर्षं झाली. जे कळलं ते क्रमाने लिहिते. क्रम सुचण्याचा आहे, महत्त्वाचा नाही.

१. मागे मोडायचं नसतं, पुढून लांब व्हायचं असतं

पहिले दोन महिने मी पाठ मागे दुमडत होते. डोकं किती मागे गेलं, यावर माझी प्रगती मी मोजायची. आमचे सर, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक, एकदा शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, तुमचा पुढचा भाग आखूड आहे. मागे कितीही चुण्या घाला, पुढचं कापड पुरणार नाही." मी काय काम करते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी हा दृष्टान्त काढला असेल. मला मात्र तो लख्खकन समजला.

खुर्चीत किंवा मशीनवर बसलं की मांडी आणि पोट यांच्यात काटकोन होतो. कमरेच्या मणक्यांपासून निघून ओटीपोटातून मांडीच्या हाडाला जाणारा एक जाड स्नायू आहे. तो तासन् तास आखडलेल्या अवस्थेत राहतो. छातीपुढचे स्नायूही तसेच. उठून उभं राहिलं तरी हे सगळं पुढून ओढलेलंच राहतं. त्यामुळे भुजंगासनात ताण जाणवायला हवा तो बेंबीच्या वर, छातीवर, मांडीच्या सांध्यापुढे. कमरेच्या खळग्यात चिमटा बसत असेल तर आपण चुणी घालतोय, कापड उलगडत नाही.

२. पालथं पडून राहणं हाही अभ्यासच

मकरासन. पालथं, पाय सैल, कपाळ हातांवर. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यासाठी कशाला पहाटे उठायचं? पण माझ्यासारखीला पालथं पडणंसुद्धा मागे वाकण्यासारखंच होतं, कारण अंग त्या दिशेला वर्षानुवर्षं गेलंच नव्हतं. दोन-तीन मिनिटं पोट जमिनीवर श्वासाबरोबर दबतंय, उचलतंय, एवढंच बघायचं. कमरेत दुखत असेल त्या दिवशी मी पोटाखाली एक चादर घडी करून घेते. काही दिवस माझा सगळा अभ्यास इथेच संपतो आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

३. हात सगळ्यात शेवटी

कृती सांगते, जशी मला शिकवली तशी. कपाळ जमिनीला. पाय जुळवून, पण कंबर कडक असेल तर पायांत वीतभर अंतर ठेवावं, सोपं जातं. तळपाय आकाशाकडे, पायाची नखं जमिनीला. तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. आता श्वास घेत कपाळ उचला, मग नाक, मग हनुवटी, मग छाती. पायांची नखं जमिनीत हलकेच दाबलेली ठेवा, म्हणजे पायांचा पाया हलत नाही.

इथे बहुतेकजण हातांनी जमीन ढकलतात. मीही ढकलत होते. हातात जोर असतो, त्यामुळे धड झर्रकन वर येतं, बघणाऱ्यालाही छान दिसतं. पण पाठीने काहीच काम केलेलं नसतं. सरांनी मला पहिले पंधरा दिवस तळहात जमिनीपासून बोटभर वर ठेवायला लावले. धड उचललं गेलं जेमतेम चार बोटं. घाम फुटला. पाठीत, मणक्यांच्या दोन्ही अंगांना, असे स्नायू दुखायला लागले जे आपल्याकडे आहेत हेच मला माहीत नव्हतं.

सर लोणावळ्याच्या परंपरेत शिकलेले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये तिथे कैवल्यधाम काढलं आणि आसनं करताना शरीरात काय घडतं ते क्ष-किरण आणि दाब मोजण्याची साधनं लावून पाहिलं. पाठीच्या बळावर उठायचं, हातांवर कमीत कमी भार द्यायचा आणि मणके एकापाठोपाठ एक उचलायचे, हा सरांचा आग्रह तिथला. माझ्या भाषेत सांगायचं तर चेन उघडतो तसं. एकेक दात सुटत जातो, मधूनच हिसका दिला तर रनर अडकतो.

पाठीने जेवढं उचललं तेवढं झालं की मग हात टेकायचे आणि जागा धरून ठेवायला तेवढीच त्यांची मदत घ्यायची. कोपरं सरळ करायची नाहीत. श्वास कोंडायचा नाही, हे लिहायला सोपं. सुरुवातीला तीन श्वास थांबा. आता मी अर्धा मिनिट थांबते, तीन वेळा. उतरताना उलट्या क्रमाने: आधी पोट, मग छाती, हनुवटी, शेवटी कपाळ. धपकन पडायचं नाही. उतरणं चढण्यापेक्षा हळू असावं. मला विचाराल तर अर्धा फायदा उतरण्यातच आहे. मग दोन श्वास तसंच पालथं पडावं आणि त्यानंतरच गुडघे पोटाशी घ्यावेत.

४. बेंबीची खूण

घेरंडसंहितेत भुजंगासन आहे आणि तिथली अट अगदी साधी आहे: पायाच्या अंगठ्यापासून नाभीपर्यंतचा भाग जमिनीवर हवा. एवढंच धरलं तरी निम्म्या चुका टळतात. सूर्यनमस्कारात हात सरळ करून मांड्यासुद्धा उचलतात ती स्थिती वेगळी. तिला ऊर्ध्वमुख श्वानासन म्हणतात. आपण सगळे दोन्हींना भुजंगासन म्हणून मोकळे होतो.

मी शिवणवाली, म्हणून मला खूणही शिवणातलीच सापडली. अस्तराची एक लांब पट्टी चटईवर आडवी टाकायची, बेंबीखाली येईल अशी. वर गेल्यावर ती कुणी सहज ओढून काढू शकलं, तर आपण जास्त उंच गेलोय. माझी मुलगी पट्टी ओढायची आणि हसायची. तीन आठवडे ओढली, मग निघेना.

त्याच ग्रंथात असंही सांगितलंय की या आसनाने जठराग्नी वाढतो, रोग नाहीसे होतात आणि कुंडलिनी जागी होते. माझी जागी झाली असेल तर तिने मला कळवलेलं नाही. साडेपाचला मी जागी होते, हे मात्र खरं.

५. मान टोपीसारखी मागे टाकू नका

वरच्या छताकडे बघायचा मोह होतो. मान आधीच सुईवर झुकून थकलेली, तिला एकदम मागे टाकलं की मला गरगरायचं. आता नजर समोरच्या भिंतीवर, फार तर हातभर वर. मानेचा मागचा भाग लांबच राहतो.

६. कंबर कामसू आहे, तिच्यावर सगळं टाकू नका

आपल्या पाठीत मानेचे सात, छातीमागचे बारा आणि कमरेचे पाच मणके. छातीमागच्या बारांना बरगड्या जोडलेल्या, त्यामुळे ते मागे वाकायला नाखूश. कमरेचे पाच सहज वाकतात. मग होतं काय, घरात जी सून कामाला वाघ असते तिच्यावरच सगळी कामं पडतात, तसं. कमरेचे खालचे दोन मणके मिजागरीसारखे वाकत राहतात आणि वरची पाठ लाकडासारखी तशीच. चाळिशी-पन्नाशीनंतर मिजागरी कुरकुरते.

तेव्हा वरची पाठ मोकळी करायचा वेगळा उपाय करावा लागतो, आणि तो पडून राहण्याचा आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७मध्ये पुण्यात आले आणि पुढे दोऱ्या, लोड, खुर्च्या, विटा अशा घरगुती वस्तू आसनांच्या मदतीला घेऊन त्यांनी शिकवण्याची रीतच बदलून टाकली. माझ्या दुकानात या कामाची उत्तम वस्तू आहे: अस्तराचा ताका. कापड उरलेलं असलं की तो मनगटाएवढा जाड असतो. तो जमिनीवर आडवा ठेवायचा, त्यावर उताणं झोपायचं, ब्राचा पट्टा येतो त्या ओळीवर तो यावा. डोक्याखाली उशी, गुडघे वाकलेले, हात बाजूला सैल. पाच मिनिटं. पहिल्या दिवशी दीड मिनिटात उठले. आता दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून मी ताक्यावर पडते. एकदा एक बाई वाकून आत डोकावल्या आणि घाबरून परत गेल्या.

ताका कमरेखाली मात्र ठेवायचा नाही. तिथे वाक आधीच भरपूर आहे.

७. दुखणं कुठल्या दिशेला सरकतंय ते बघा

हा धडा योगवर्गातला नाही, फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीचा. माझ्या लेकीच्या वयाची. तिने पहिल्या दिवशी मला पालथं झोपवलं, कोपरांवर उठवलं आणि विचारलं, "काकू, आता कळ कुठे आहे?" पोटरीत होती. दहा वेळा उठवलं. "आता?" मांडीत. ती खूश झाली. माझी कंबर मात्र आधीपेक्षा जास्त दुखत होती, म्हणून मी वैतागले. तेव्हा तिने समजावलं. कळ पायाकडून कमरेकडे, म्हणजे मध्याकडे सरकत असेल, तर दिशा बरोबर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट पायात खाली उतरत गेली, मुंग्या वाढल्या, पाऊल बधिर वाटलं, तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

या पद्धतीमागची कथा तिने सांगितली, ती मला फार आवडते. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण चुकून अशा पलंगावर पालथा झोपला, ज्याचा डोक्याकडचा भाग आधीच्या माणसासाठी उचलून ठेवलेला होता. म्हणजे बिचारा नकळत भुजंगासनात पडून राहिला. मॅकेन्झी परत येऊन बघतात तर रुग्णाचं पायाचं दुखणं कमी झालेलं. त्यातून त्यांनी पुढे सगळी पद्धत बांधली. आपल्याकडे शेकडो वर्षं असलेली स्थिती तिकडे अपघाताने सापडली, असं म्हणून छाती फुगवायला हरकत नाही. पण "कळ कुठे सरकली?" हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता, हेही कबूल केलं पाहिजे.

८. चक्रासनाची हौस

२०२२च्या जूनमध्ये आमच्या वर्गाचं योगदिनाला प्रात्यक्षिक ठरलं. माझ्या वाट्याला भुजंगासन आणि शलभासन. शेजारच्या ओळीतल्या बाई चक्रासन करणार होत्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. आता खरं सांगते, मला फोटो हवा होता. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुमचे खांदे अजून उघडलेले नाहीत, ते नको." मी घरी रात्री साडेनऊला, जेवण झाल्यावर, कुणाला न सांगता करून बघितलं. म्हणजे जितक्या चुका करता येतात तितक्या एका झटक्यात केल्या: भरलं पोट, थंड अंग, एकटी, इरेला पेटलेली.

वर गेले, बरं का. दोन सेकंद गेलेही. हात सरळ होईनात, म्हणून सगळा वाक कमरेने घेतला आणि उतरताना अशी चमक भरली की तशीच फरशीवर पडून छताच्या पंख्याची पाती मोजत राहिले. तीन आठवडे मशीनवर बसता आलं नाही. जून म्हणजे शाळेच्या गणवेशांचा हंगाम. बेचाळीस गणवेशांचं कापड मला दुसरीकडे शिवायला द्यावं लागलं, आणि त्यातली पाच गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. त्या बाईंचा फोटो सुंदर आला.

चक्रासन वाईट नाही. त्याला खांदे, मनगटं आणि मांड्यांचा पुढचा भाग हे सगळे एकदम तयार लागतात, आणि माझं त्यातलं एकही नव्हतं. भुजंगासन, शलभासन, मग धनुरासन, गुडघ्यांवरचं उष्ट्रासन, सेतुबंध, अशी चढण असते. मी अजून उष्ट्रासनात आहे, तेही हात टाचांवर न टेकता कमरेवर ठेवून.

९. फायद्यांबद्दल हात राखून बोलावं

वर्गात येणाऱ्या नव्या बायकांना मी ऐकते: थायरॉइड जातं, मूत्रपिंडं धुतली जातात, पोट आत जातं. माझं पोट आहे तिथेच आहे. खरोखर काय मिळालं ते सांगते. पायातली कळ गेली. ती एकट्या आसनाने गेली की काळाने, हे मी शपथेवर सांगणार नाही. सलग दोन तास शिवून उठताना कमरेवर हात ठेवावा लागत नाही. श्वास खोल जातो, कारण बरगड्यांना हलायला जागा झाली आहे. शिवाय मशीनवर बसताना कुबड निघालं की आता पाठच आठवण करून देते, पूर्वी ती मुकाट बसायची.

एक गोष्ट मात्र पन्नाशीतल्या प्रत्येक बाईला मी ओरडून सांगते. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात आणि मणके पुढून दबतात. माझ्या वहीतल्या गोल पाठींमागे तेही एक कारण आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकने अशा ५९ बायकांचा अभ्यास केला, तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. पाठ मागे ताणायचे व्यायाम केलेल्यांत नव्याने मणके दबल्याचं प्रमाण १६ टक्के होतं, नुसते पुढे वाकायचे व्यायाम केलेल्यांत ८९ टक्के. बायका मोजक्याच होत्या, एवढ्यावर सगळं घर उभं करू नये. तरीही हाडांची तपासणी न करता उठल्या-सुटल्या पायाचे अंगठे धरायला लावणाऱ्या वर्गांकडे मी तेव्हापासून संशयाने बघते. ठिसूळ हाडांना लागतं ते पाठीने उचललेलं चार बोटांचं हलकं भुजंगासन, हिसके नकोत.

१०. कुणी करू नये

गरोदर बाईने पालथं पडून काही करू नये. पोटाचं ऑपरेशन नुकतं झालंय, हर्निया आहे, पोटात व्रण आहे, त्यांनी थांबावं. मणका पुढे सरकलेला असेल, किंवा मज्जारज्जूची नळी अरुंद झालेली असेल, तर मागे वाकल्याने दुखणं वाढतं. या दुसऱ्या प्रकाराची माणसं चालताना पाय भरून आले की पुढे झुकून किंवा बसून बरी होतात. त्यांना भुजंगासन सांगणारा शेजारी हा शेजारी नव्हे.

११. सासूबाईंचं भुजंगासन

सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. जमिनीवर बसल्या तर उठवायला दोघं लागतात. माझं बघून म्हणाल्या, "मलाही सांग की ते नागाचं." मी त्यांना भिंतीशी नेलं. भिंतीकडे तोंड, पाऊलभर अंतर, तळहात छातीच्या उंचीवर भिंतीला, ओटीपोट भिंतीकडे आणि छातीचं हाड वर उचलायचं, बस्स. पाच श्वास. सकाळी चहाआधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर. दीड वर्ष चाललंय. एखादा दिवस चुकला तर त्या मलाच रागावतात, जणू नियम मीच मोडला.

गेल्या महिन्यात मुलीने टेप घेऊन आम्हा दोघींची मापं घेतली. सासूबाईंची पाठ होती तेवढीच आहे, आणि ब्याऐंशीव्या वर्षी तेवढीच असणं मला पुरेसं वाटतं. माझी मागची उंची २०१८च्या नोंदीपेक्षा अर्धा इंच कमी भरली, पुढची पाव इंच जास्त. म्हणजे माझे जुने सगळे ब्लाउज आता पाठीत ढगळ होतात. उसवून, मागून अर्धा इंच काढून, मुंढा पुन्हा बसवायचा, तासाभराचं काम आहे प्रत्येकी. नऊ ब्लाउज आहेत. पण गौरी-गणपतीच्या ऑर्डरी पडल्यात, तेव्हा ते कपाटात तसेच आहेत आणि मी मागून झोल पडलेलेच घालून फिरते.